चुन्याची डबी आणि तांब्याची रिंग

जळोची,
१२ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप म्हस्कू मामा,

स्वप्नालीचा नमस्कार. वाकून केला असता, पण सकाळपासून तीन गाड्यांखाली लोळून पाठ कामातून गेलीय, तेव्हा उभ्या उभ्याच मानून घ्या.

पत्र बघून हसू नका. तुम्हाला फोन केला की तुम्ही "हां हां, बरं बरं, समदी खुशाल" म्हणता आणि ठेवून देता. दिवाळीत मी विचारलं होतं, कार्बोरेटरला जेट कुठल्या नंबरचा घालू? तुम्ही म्हणालात, "यायचं की मग दोन दिस ऱ्हायला." शेवटी मामीला धरलं. ती म्हणाली, "त्यास्नी फोनचा कटाळा हाय बाई. कागद धाड, कागद मन लावून वाचत्यात." म्हणून हा कागद. रामच्या पिकअपमध्ये देतेय. तो तुमच्याकडून भाजी घेऊन बारामतीला येतो आणि रिकामा परत जातो, त्यामुळं टपालखर्च नाही.

वर जो काळा गोल दिसतोय तो चहाच्या कपाचा नाही. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथं बसतो, त्या तोंडाचा ठसा आहे. तिथं काजळी होतीच, कागद दाबून अंगठ्यानं घासला, तुम्ही शाळेच्या सुट्टीत शिकवला होता तसा. माझं सगळं दुखणं त्या गोलात आहे.

इथल्या दूध संकलन केंद्रावर अकरा गाड्या आहेत, सगळ्या एकाच जातीच्या, शंभर सीसीच्या, तुमच्याकडं आहे तसल्याच. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून कॅनॉलच्या रस्त्यानं आदळत येतात आणि त्या गोलातलं पॅकिंग जळून जातं. मॉडेल बंद झालंय, अस्सल पॅकिंग मिळत नाही. बाजारातलं नकली पंधरा दिवसांत राख होतं. मोठ्या दुकानात सांगतात, सगळा सायलेन्सरच बदला. अकरा सायलेन्सर कोण बदलणार?

पॅकिंग गेलं की गाडी फटफटायला लागते. शहरात माणसं शिव्या देऊन गप्प बसतात. इथं म्हैस पान्हा चोरते. संध्याकाळच्या धारेला गाडी गोठ्यावर आली की म्हैस बुजते, आणि घरची बाई बिरूच्या अंगावर येते. बिरू म्हणजे केंद्रावरचा दूधवाला, मिशा मोठ्या, आवाज बारीक. त्याला आता तीन गोठ्यांवर गाडी लांब लावून कॅन खांद्यावर न्यावे लागतात.

केंद्राचे आबासाहेब मला म्हणाले, "बिरूची गाडी एक तारखेपास्नं म्हैनाभर तुज्याकडं. म्हैनाभर आवाज झाला न्हाय, तर अकराच्या अकरा गाड्या तुज्या. झाला, तर माजा नाद सोड." मामा, अकरा गाड्या बारमाही मिळाल्या तर माझं गॅरेज उभं राहतं. नाहीतर अप्पांनी लोणी देवकर गावच्या कंपनीचा अर्ज भरून ठेवलाच आहे. "कंपनीत पंखा हाय, कँटीन हाय," असं रोज जेवताना ऐकवतात. वाईट नाहीत ते, त्यांना माझे काळे हात बघवत नाहीत एवढंच. पण मला ते हात आवडतात.

तेव्हा सांगा, त्या गोलात काय बसवू?

तुमची,
स्वप्नाली

---

पळसदेव,
१७ फेब्रुवारी २०२४

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद. तुझा काळा गोल पोचला. मामीनं तो धुवायला घेतला होता, वेळेवर बघितलं.

ठसा चांगला आलाय, पण खालच्या बाजूला अंगठा घसरलाय. घाई करतेस. लहानपणी पण नट फिरवायच्या आधी पाना फेकायचीस.

आधी काय वापरायचं नाही ते लिहितो. तुला कोणीतरी सांगेल की जुन्या बॉयलरची पांढरी दोरी मिळते, आगीत जळत नाही, ती गुंडाळ. हात लावू नकोस. तिची धूळ छातीत बसते ती निघत नाही. आमच्या वेळी आम्ही ती दातानं तोडायचो, एवढे आम्ही शहाणे. लाल सिलिकॉनची ट्यूब पण नको, इंजिनाच्या तोंडाशी ती टिकत नाही.

मी असं केलंय. इंजिनाची काळी पॅकिंग शीट घेतली, तुझ्या ठशावर कापली आणि तिला थंड पेयाच्या डब्याचा पत्रा दोन्ही बाजूंनी दुमडून घातला. आज माझ्याच गाडीला लावलंय. आठ दिवस फिरवतो, मग कळवतो. सध्या धरणाचं पाणी खाली गेलंय, जुन्या देवळापर्यंत गाडी जाते. तिथली ढेकळं तुझ्या कॅनॉलच्या रस्त्याला ऐकणार नाहीत, तेव्हा परीक्षा कडक आहे.

फोनचं म्हणशील तर इथं पाण्याच्या कडेला रेंज नसते. पत्रच लिहीत जा. वळणदार अक्षर आहे तुझं, गॅरेजमध्ये फुकट चाललंय.

म्हस्कू मामा

---

जळोची,
२० फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप मामा,

डब्याचा पत्रा! मला का नाही सुचलं? चार डबे गोळा करून ठेवलेत, अप्पांना वाटतंय मला कसलं तरी व्यसन लागलं.

एकच विचारते, आवाज कसा आहे? थंड गाडीचा आणि तापल्यावरचा, दोन्ही कळवा. आबासाहेबांना बाकी कशाशी देणंघेणं नाही. आणि रेंजचं म्हणाल तर राम तुमच्या ओट्यावर बसून तासभर व्हिडिओ बघतो, त्याला बरी मिळते!

स्वप्नाली

---

पळसदेव,
२७ फेब्रुवारी २०२४

चि. स्वप्नाली,

दहा दिवस झाले. गाडी एक नंबर. ओढ चांगली आहे, चढाला दम खात नाही. मामीला मागं बसवून भिगवणपर्यंत जाऊन आलो. पॅकिंगच्या बाजूला हात धरून बघितला, वारा लागत नाही.

रामसोबत दोन नग पाठवतोय. एक बिरूच्या गाडीला, एक जवळ ठेव. डोळे झाकून लाव आणि आबासाहेबांना म्हणावं, अकरा गाड्यांची रांग लाव.

म्हस्कू मामा

---

जळोची,
६ मार्च २०२४

मामा,

नमस्कार लिहायचं मनात नाही, तरी लिहिते.

एक तारखेला तुमचं पॅकिंग लावलं. दोन दिवस गाडी गप्प होती. मी गावभर मिरवत होते. तिसऱ्या दिवशी चुटचुट, चौथ्या दिवशी फटफट. परवा संध्याकाळी बिरू अनिता वहिनींच्या गोठ्यावर गेला आणि म्हशीनं बादलीला लाथ घातली. पुढं एक थेंब दिला नाही. वहिनी बादली घेऊन थेट केंद्रावर. "ही गाडी माज्या दारात पुन्ना दिसली, तर दूध दुसरीकडं घालीन," म्हणाल्या. सगळ्यांसमोर. मी तिथंच उभी होते, हातात पाना.

पॅकिंग खोललं तर पत्रा भोकं पडलेला आणि आतली शीट कोळसा. दोन दिवसांत! आणि तुम्ही दहा दिवस त्याच्यावर बसलात. भिगवणला जाऊन आलात. काल रामला विचारलं, तर तो हसायला लागला. म्हणाला, "मामाची गाडी? आगं, ती तर समद्या पळसदेवला ऐकू येती. पार वळणावर असली तरी कुत्री उठून बसत्यात."

मग तुम्हाला ऐकू आलं नाही का? का पोरीचं काम आहे, चालेल कसंही, असं वाटलं? मी तुमच्या शब्दावर आबासाहेबांना शब्द दिला होता, मामा. डोळे झाकून लाव म्हणालात, मी झाकले.

आबासाहेब माणूस बरा म्हणून मी वाचले. "मार्च ग्येला असं समज. एप्रिल घे. म्हैनाभर. ह्याच्यापुढं न्हाय," म्हणाले. कंपनीचं बोलावणं पण आलंय, सहा मेला मुलाखत. अप्पांनी ते देवाजवळ ठेवलंय.

स्वप्नाली

---

जळोची,
१८ मार्च २०२४

तीर्थरूप मामा,

बारा दिवस झाले, तुमचा कागद नाही. रामला रोज विचारते, तो रिकामे हात दाखवतो.

काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तुमची सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. तुम्ही ओढ लिहिलीय, चढ लिहिलाय, हाताला वारा लागत नाही हे लिहिलंय. आवाज हा शब्द तुमच्या एकाही पत्रात नाही. मी तोच तर विचारला होता.

मग रामला बसवून चहा पाजला आणि खोदून विचारलं. तो म्हणाला, गेल्या महिन्यात त्यानं तुमच्या मागून चार वेळा हॉर्न दिला, तुम्ही बाजूला झाला नाहीत. मामीनं मागून पाठीत बोट घातलं तेव्हा झालात. त्याला वाटलं, मामा मुद्दाम खोड्या काढतात.

मग दिवाळीचा फोन आठवला. जेटचा नंबर विचारला, तुम्ही राहायला बोलावलंत. आणि तीन वर्षांमागं चालतं गॅरेज एका दिवसात बंद केलंत, गुडघे दुखतात म्हणून. त्याच महिन्यात तुम्ही देवळाच्या पायऱ्या चढताना आम्हा सगळ्यांच्या पुढं होता.

मामा, सहा तारखेला मी रागात एक प्रश्न लिहिला होता, तुम्हाला ऐकू आलं नाही का. तो टोमणा होता. आज तोच नीट विचारते. मला उत्तर काही आलं तरी चालेल. फक्त कागद पाठवा. पॅकिंगचं मी बघून घेईन.

तुमची,
स्वप्नाली

---

पळसदेव,
२३ मार्च २०२४

चि. स्वप्नाली,

नाही. ऐकू आलं नाही.

हे लिहायला मला सतरा दिवस लागले. चार कागद फाडले. मामी म्हणाली, "आता फाडलासा तर मीच सांगंन पोरीला." तेव्हा हा पाचवा.

आधी डावा कान गेला, मग उजवा. चाळीस वर्षं फुटक्या सायलेन्सरजवळ कान लावून काढली, त्याचं हे बक्षीस. शेवटी एक गाडी आली होती, आतून ठोका देत होती म्हणे. गिऱ्हाईक सांगत होतं, मला वाटलं तो भाव करतोय. मी ऑइल बदलून गाडी दिली आणि वाटेत त्याचं इंजिन जाम झालं. माणूस वाचला, पण त्या दिवशी शटर ओढलं. आवाज ऐकू न येणारा मेकॅनिक कशाला हवा? लोकांना गुडघे सांगितले. गुडघ्यांची कोणी टिंगल करत नाही.

कानाचं मशीन आहे. त्यातून मामी, भांडी, कोंबड्या सगळे एकदमच बोलतात. ते कपाटात आहे. घरी कोणी आलं की मी सारखा बोलत सुटतो, तुला माहीत आहे. सगळ्यांना वाटतं मामा गप्पिष्ट. बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही, एवढीच त्यातली मेख. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगू? कागदावर मी बहिरा नसतो. म्हणून खोटं लिहिलं, रेंज नाही म्हणून. तू पुन्हा फोन करू नयेस म्हणून. पण तुझं काम मी चालेल कसंही म्हणून केलेलं नाही. मला खरंच वाटलं की गाडी गप्प आहे. माझ्यासाठी सगळ्याच गाड्या गप्प आहेत. माझ्या नादानं तुझी चारचौघांत फजिती झाली, त्याबद्दल मामानं भाचीची माफी मागायची असते का माहीत नाही. मागतो.

आता कामाचं.

पत्रा विसर. तांबं घे. सोबत जाड तांब्याची तार पाठवलीय, इंदापूरच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणली, जुन्या अर्थिंगची आहे. त्याच्या दुकानात अशी भंगारात पडलेली असते. ठशाच्या मापानं गोल वळव. टोकं सरळ कापू नको, तिरपी काप, एकावर एक बसतील अशी. मग गॅसवर चिमट्यात धरून लाल कर आणि पाण्यात टाक. लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं. मऊ पडलं की नट आवळताना ते स्वतःच जागा धरतं. सांधा वरच्या अंगाला ठेव. दोन्ही नट सारखे आवळ, गाडी तापवून गार होऊ दे, पुन्हा एकदा आवळ.

आणि परीक्षा. ही गेल्या आठवड्यात शोधली, तुझ्या पत्रानं तोंड काळं झाल्यावर. मामीच्या तंबाखूच्या डबीत असतो तसला चुना घे. सांध्याभोवती बोटानं लाव. वाळून पांढरा झाला की गाडी फिरव. कुठं सुईएवढी फट असली तरी धूर तिथं काळी रेघ ओढतो. माझ्या त्या दहा दिवसांच्या पॅकिंगला चुना लावला, तर सबंध गोल काळा. तेव्हा समजलं, कुत्री का उठत होती.

कानाला कळायच्या आधी चुन्याला कळतं. हे मला कान गेल्याशिवाय सुचलं नसतं, पण म्हणून मी देवाचे आभार मानणार नाही.

म्हस्कू मामा

---

जळोची,
२९ मार्च २०२४

तीर्थरूप मामा,

आज वाकून नमस्कार. खरोखरचा, गॅरेजमध्ये, पळसदेवच्या दिशेनं. एका गिऱ्हाइकाला वाटलं माझा नट पडलाय, तोही शोधायला लागला.

तुमचं पत्र वाचून रडले. मग चिडले, की तीन वर्षं मामीनं आणि तुम्ही मिळून आम्हाला फसवलं. मग पुन्हा रडले. आई म्हणाली, "कुणी ग्येलं का काय?" म्हटलं, नाही, मामा सापडले.

माफीचं पुन्हा काढू नका. मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते, म्हणजे फिटंफाट.

आता रडगाणं. रिंग केली, पण चुना नापास म्हणतोय. काल दोन केल्या, आज तीन. आईच्या गॅसवर लाल केल्या, तिच्या दुधाच्या पातेल्यात विझवणार होते, तिनं वेळेत हात धरला. पाण्यात विझवल्या. मग ऐरणीवर ठेवून हातोडीनं ठोकून सपाट केल्या, छान एकसारख्या. लावल्या, चुना लावला, चक्कर मारून आले, तर खालच्या बाजूला काळी रेघ. पाचही वेळा. आवाज अजून नाही, पण चुना चुगली करतोय. सोमवारी एक एप्रिल. कुठं चुकतंय?

स्वप्नाली

---

पळसदेव,
३० मार्च २०२४

चि. स्वप्नाली,

राम थांबलाय, म्हणून चार ओळी.

हातोडी चुकली. तांबं ठोकलं की पुन्हा कडक होतं. तू आगीनं मऊ केलंस आणि हातोडीनं घालवलंस. काय ठोकायचं ते आधी ठोक, मग लाल कर, पाण्यात टाक, आणि तिथून सरळ इंजिनात. शेवटचा हात आगीचा, हातोडीचा नाही. तुला शेवटी एक ठोका दिल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

त्या पाच रिंगा टाकू नकोस. तापवून पुन्हा मऊ कर, पाचही चालतील. हाच तर तांब्याचा गुण, कितीदाही वापर.

मामा

---

जळोची,
३ मे २०२४

तीर्थरूप मामा,

महिनाभर मुद्दाम लिहिलं नाही. मधेच लिहिलं असतं तर दृष्ट लागली असती असं वाटत होतं. हसा.

एक एप्रिलला रिंग बसवली. शेवटचा हात आगीचा. हातोडी त्या दिवशी आईकडं ठेवायला दिली होती. रोज संध्याकाळी बिरू धारेची फेरी संपवून यायचा, आम्ही दोघं वाकून चुना बघायचो. पहिले चार दिवस मला जेवण गेलं नाही. दहाव्या दिवशी एक बारीक राखाडी रेघ दिसली. पुसून बघितली तर रस्त्याची धूळ. बिरूचा जीव एवढा गुंतला की तो चुन्याची डबी स्वतःच खिशात ठेवायला लागला. तंबाखू खात नाही, तरी.

वीस तारखेला तो अनिता वहिनींच्या गोठ्यावर गेला. गाडी लांब लावून चालत निघाला होता, वहिनींनीच हाक मारली, "आन की हितं गाडी, बघू तरी." त्यानं आणली. म्हशीनं मान वळवून एकदा बघितलं आणि वैरण खायला लागली. वहिनींनी धार काढली, बादली भरली. बिरू तिथून गाडी पळवत माझ्याकडं आला आणि बारीक आवाजात एवढंच म्हणाला, "म्हस काय बोलली न्हाय."

परवा महाराष्ट्र दिनाला आबासाहेब स्वतः आले. चष्मा लावून सांध्याभोवतीचा चुना बघितला. पांढराशुभ्र. बोट फिरवून कपाळाला लावायचेच बाकी होते. म्हणाले, "एकपण डाग न्हाय व्हय? सोमवारपास्नं दोन दोन करून गाड्या लावतो." अकरा, मामा. अकराच्या अकरा!

आता अप्पांचं ऐका. सहा तारखेची मुलाखत, त्यामुळं मी काल रात्रीच्या जेवणाला जीव मुठीत धरून बसले होते. जेवण झालं, ते उठले, देवाजवळचं बोलावणं आणलं आणि उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "जाड कागद हाय. तुज्या त्या रिंगच्या ठशाला चालंल का बघ." आणि हात धुवायला गेले. त्याच कागदावर आज मापं काढलीत, एक तुमच्यासाठी सोबत जोडलंय. मागच्या बाजूला माझं नाव छापलेलं आहे, सांभाळा.

आता माझं मागणं. अकरा गाड्या माझ्या एकटीनं होणार नाहीत. जळोचीला या, मामीला घेऊन. वरची खोली रिकामी आहे. तुम्ही म्हणाल, बहिऱ्या मेकॅनिकचं काय काम? ऐकायचं काम मी करते, माझे कान चांगले आहेत. तुम्ही हात लावून सांगा. मला आवाज आल्यावर कळतं, तुमच्या चुन्याला आधी कळतं. भिंतीवर मोठा फळा टांगलाय. गिऱ्हाइकानं तक्रार तोंडी सांगायची नाही, फळ्यावर लिहायची, असा माझ्या गॅरेजचा नियम केलाय. तुमच्यासाठी म्हणून नाही. लिहायला लागलं की माणूस कमी बडबडतो.

कपाटातलं मशीन आणायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
स्वप्नाली

---

पळसदेव,
८ मे २०२४

चि. स्वप्नाली,

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं, मला दाखवून, ओठ हलवत. म्हशीच्या जागी थांबली आणि हसत सुटली, तेव्हा मला हिसकावून स्वतः वाचावं लागलं.

यायचं का नाही, ह्यावर मी तीन दिवस घुटमळलो. म्हातारपणी भाचीच्या गॅरेजमध्ये शोभेला बसायचं मला जमणार नाही, असं मामीला सांगितलं.

मग काल एक झालं. बिरूच्या गाडीला लावलीस तसलीच रिंग मी माझ्या गाडीला लावली होती. चुना पांढरा होता, पण चुना काही झालं तरी चुना. मनात धाकधूक होतीच, की मागच्या वेळी पण मला गाडी गप्प वाटली होती. संध्याकाळी जुन्या देवळापर्यंत जाऊन घरी आलो. एवढी वर्षं मी वळणावर आलो की मामी चहा टाकते. दारात गाडी लावेपर्यंत कप तयार. तिनं कधी चुकवलं नाही. काल दारात आलो तर ही ओट्यावर निवांत शेंगा निवडत बसलेली. चूल थंड. मला समोर बघून दचकली आणि सूप सांडलं. तिचे ओठ मी वाचले, "आगं बया, कवा आलासा?"

स्वप्नाली, तीन वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या गाडीचा आवाज कळला. नव्हता.

चहा उशिरा मिळाला, पण असा चहा मी प्यालो नव्हतो.

सोमवारी निघतो, सकाळच्या गारव्यात. दोन्ही बाजूंना आरसे लावलेत, मामी मागं बसणार आहे. डावीकडून गाडी आली की डाव्या खांद्यावर बोट, उजवीकडून आली की उजव्या. मशीन घेतलंय. गॅरेजमध्ये घालणार नाही, पण तू सांगत असशील तेव्हा घालीन. ओरडू नकोस, समोर उभं राहून बोल. फळ्याला खडू मऊ घे.

आम्ही आल्याचा तुला काही आवाज येणार नाही. दाराकडं लक्ष ठेव.

म्हस्कू मामा